चित्रपत्त्यांचा बाजार

मुलांनो, पोस्टाची तिकिटे किंवा काडेपेट्यांवरील चित्रे जमविण्याचा छंद तुमच्यापैकी कित्येकांना असेल. अमेरिकेतील मुलांना असाच एक छंद फार दिवसांपासून आहे. बेसबॉल हा तेथील अत्यंत लोकप्रिय खेळ. त्यातील नामांकित खेळाडूंची चित्रे छापलेले जाड कागदाचे लहान पत्ते ती मुले हौसेने गोळा करतात. हे पत्ते विकण्याची रीत मात्र सुमारे १४० वर्षांत पार पालटून गेली आहे.

आरंभी हे पत्ते स्वतंत्रपणे विकले जात नसत. १८८६ च्या सुमारास सिगारेटचे कारखानदार आपल्या नाजूक पाकिटांत, ती चुरगळू नयेत म्हणून, पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर खेळाडूचे चित्र छापले, तर संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे त्यांनी ओळखले. चित्र हे आमिष होते. विकायची होती तंबाखू. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या एका संचातून होनस वॅग्नर या थोर खेळाडूचे चित्र लवकरच काढून घ्यावे लागले. मुलांच्या हाती आपले चित्र तंबाखूबरोबर जावे, हे त्याला रुचले नाही, असे सांगतात; मोबदल्यावरून बिनसले, असेही काहींचे म्हणणे आहे. ते पत्ते आज मोजकेच उरले आहेत.

पुढे तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली. १९३३ साली गाउडी कंपनी एका सेंटला गम आणि पत्ता देऊ लागली. आता गिऱ्हाईक झाली ती मुलेच. १९५२ मध्ये टॉप्स कंपनीने ४०७ पत्त्यांचा संच काढला. त्यातील शेवटचे पत्ते बाजारात उशिरा आले व पडून राहिले. अखेर १९६० साली ते समुद्रात बुडविल्याचे कंपनीच्या साय बर्गर यांनी सांगितले आहे. मुलेही पत्ते सायकलीच्या आऱ्यांत खोचीत आणि चाकाची फडफड ऐकून खूष होत. त्यांत कित्येक पत्ते फाटून गेले.

कालांतराने जुन्या पत्त्यांना भाव येऊ लागला. १९८१ पासून टॉप्सला प्रतिस्पर्धी मिळाले आणि पत्त्यांचा पूर आला. लोकांनी ते धनाप्रमाणे जपून ठेवले. परंतु सर्वांनीच जपल्यामुळे ते दुर्मीळ झाले नाहीत आणि त्यांचे भाव कोसळले. गमचे डाग पत्त्यावर पडतात, म्हणून १९९२ पासून टॉप्सने नेहमीच्या पाकिटांतून गम काढून टाकला. ज्याच्या खपासाठी पत्ता आला, त्यालाच पत्त्याने बाहेर घालविले!

हल्ली तज्ज्ञ पत्त्याची पारख करून त्याला गुण देतात, तो पारदर्शक डबीत बंद करतात आणि इंटरनेटवर त्याचा लिलाव होतो. १९५२ च्या त्याच संचातील मिकी मँटलचा एक पत्ता २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला.

नव्या पाकिटांत क्वचित एखादा दुर्मीळ पत्ता असतो. त्याच्या आशेने लोक पाकिटामागून पाकीट घेतात. विक्रीच्या रीती बदलल्या, पण सिगारेटच्या कारखानदारांनी हेरलेला मनुष्यस्वभाव तोच राहिला. तेव्हा बंद पाकीट हाती घेताना आपण छंद जोपासत आहोत की नशीब अजमावीत आहोत, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. लाखमोलाचा पत्ता डबीत निश्चल पडून असतो; चाकात फडफडणाऱ्या पत्त्याने मात्र एका मुलाची दुपार आनंदात घालविली होती.