वाघदेव : डहाणूच्या शिवेवरचा राखणदार

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी यांचे जग आहे. तेथून पूर्वेकडे रेल्वेमार्ग ओलांडून डोंगरांच्या दिशेने निघाले, की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली पाडे लागतात. या भागात गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी, एखाद्या झाडाखाली लाकडाची वा दगडाची उभी फळी रोवलेली आढळते. तीवर वाघ कोरलेला असतो, बहुधा वरच्या बाजूस चंद्र-सूर्य असतात आणि सगळ्याला शेंदूर फासलेला असतो. हाच वारल्यांचा वाघदेव अथवा वाघोबा. त्याला देऊळ असतेच असे नाही. अनेक ठिकाणी आभाळ हेच त्याचे छप्पर.

वाघदेव हा केवळ रानातला वाघ नव्हे. वारल्यांत सांगितल्या जाणाऱ्या एका कथेनुसार तो एका स्त्रीच्या पोटी जन्मला आणि पुढे त्याने वाघाचे रूप धारण केले. त्याने गुरे मारण्यास सुरुवात करताच गाव चिडले. अखेर आईने मध्यस्थी केली. त्याने रानात राहावे, गावाने त्याचे ठाणे मांडावे आणि वर्षातून एकदा त्याचा वाटा त्याला पोचवावा, असे ठरले. गावोगावी तपशील बदलतात. पण आई, गाव आणि वाघ यांच्यात झालेला समझोता हा कथेचा गाभा आहे.

हा समझोता दरवर्षी नव्याने पाळला जातो. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला अन्यत्र वसुबारस साजरी होते. आदिवासी पट्ट्यात हीच वाघबारस. गावकरी ठाण्यापाशी जमतात. भगत पूजा बांधतो. नारळ, कोंबडे, काही ठिकाणी बोकड आणि दारू असा मान दिला जातो. माणसांचे व गुराढोरांचे रक्षण कर, हे त्याच्याकडे मागणे असते. एकीकडे गाय-वासराची पूजा आणि दुसरीकडे त्यांच्या भक्षकाची; एकाच तिथीचे हे दोन चेहरे एकमेकांना पूरक आहेत. ज्याच्यापासून भय, त्यालाच राखणदार नेमण्याची ही रीत आहे.

फळीवरील चंद्र-सूर्यही अर्थपूर्ण आहेत. महाराष्ट्रातील वीरगळांवर आणि जुन्या दानशिळांवर हीच चिन्हे दिसतात. आकाशात चंद्र-सूर्य असेतोवर हे टिकेल, असा तेथे त्यांचा अर्थ असतो. वाघदेवाच्या माथ्यावरही ती करारावरील साक्षीसारखीच शोभतात.

काल्पनिक प्राण्याला गावाची खूण मानणे जगात अन्यत्रही आढळते. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराची खूण म्हणजे बॅसिलिस्क. कोंबड्याने घातलेल्या अंड्यातून जन्मणारा, सर्पाची शेपटी असलेला आणि नुसत्या नजरेने मारणारा हा प्राणी. अंडे घातल्याच्या आरोपावरून त्याच शहरात १४७४ साली एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळल्याची नोंद आहे. आज तेथील बॅसिलिस्क शहराच्या बोधचिन्हाची ढाल धरतो आणि रस्त्यावरील कारंजांवर बसलेला दिसतो. त्याचे भय संपले आहे. शहराला त्याचे काही देणे उरलेले नाही. वाघदेवाचे तसे नाही. त्याचे देणे दरवर्षी फेडावे लागते.

याचे कारण रानात आहे. वारली बोलीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघाला आणि बिबट्याला दोघांनाही लागू होतो. पट्टेरी वाघ या परिसरातून नाहीसा झाला, तरी बिबट्या आहे. त्यामुळे फळीवरचा वाघ ही निव्वळ आठवण राहिलेली नाही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली.

अर्थात, या श्रद्धेला सहजीवनाचे रम्य चित्र समजणे चूक ठरेल. शेळी गेली की वारली कुटुंबाचे नुकसान खरेच असते आणि भीतीही खरी असते. शासकीय भरपाईची गरज पूजेने संपत नाही. मात्र नुकसान झाले म्हणून वाघ सगळाच संपवावा, असा निष्कर्ष या श्रद्धेतून निघत नाही. रानावर त्याचाही हक्क आहे, हे कथेतच मान्य केलेले असते.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांमुळे वारली चित्रे जगभर पोचली आणि आज ती शहरी भिंतींवर, कापडांवर सहज दिसतात. शोभेच्या वस्तूवर आलेला वाघ कोणाकडून काही मागत नाही. शिवेवरचा वाघदेव मागतो, आणि त्याचे मागणे कोंबड्यापुरते नाही. कथेतल्या करारात वाघाच्या वाट्याला रान आले होते. गावाने मान दिला, पण रानच उरले नाही, तर करार मोडल्याचा दोष वाघावर ठेवता येणार नाही.