गोड्या पाण्यावरची वसई

खानदेशातल्या पिंपळनेरला समुद्र येतो तो गोणपाटातून. आठवडे बाजारात सुकट, जवळा आणि बोंबलाचे ढीग लागतात, वासावरूनच त्यांची जागा सापडते, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बाया पावसाळ्याची बेगमी म्हणून माप भरून सुकट नेतात. अशी मासळी ज्या किनाऱ्यावर वाळते, त्यातला एक मोठा पट्टा वसई तालुक्यात आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव ही त्यातली गावं. खानदेशातल्या तरुणाला मात्र वसई आताशा मासळीपेक्षा खोलीच्या भाड्यानं जास्त ठाऊक असते. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड नालासोपाऱ्यात नाहीतर विरारला, असा हिशेब असतो. मुंबईत जागा परवडत नाही, आणि लोकल तर थेट इथवर येते.

नकाशावर वसई म्हणजे दोन खाड्यांमधला तुकडा. दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी, उत्तरेला वैतरणा, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र. अशा जागी जमीन खारी निघायला हवी. पण किनाऱ्यालगतच्या रेताड पट्ट्यात पावसाचं पाणी मुरतं, खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं असल्यानं वर तरंगत राहतं, आणि थोडं खणलं की गोडं पाणी लागतं. वसईत कोण आलं, का आलं, का टिकलं आणि आज तिथं भांडण कशावरून आहे, हे समजून घ्यायचं तर किल्ल्याच्या आधी हे पाणी पाहावं.

हे पाणी साठवायची वसईची स्वतःची रीत आहे: बावखल. वाडीत एका कडेला खणलेलं मोठं मातीचं तळं, ना दगडी बांधकाम, ना तळाला अस्तर. पावसात ते भरतं आणि नंतर भोवतालच्या जमिनीतल्या झऱ्यांवर जगतं. पूर्वी त्यावर रहाट असे. बैल गोल फिरत, पोहरे वर येत आणि पाटानं पाणी केळी, पानवेली आणि फुलझाडांना जाई. बैलाचा वेग ठरलेला, त्यामुळे उपसाही ठरलेला. जमिनीनं दिलं तेवढंच पाणी निघे. पिंपळनेरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथं पांझरा नदीच्या काठी बंधारा, पाट आणि फड यांवर पिढ्यानपिढ्या शेती झाली. कोणत्या फडात कोणतं पीक हे गाव ठरवी आणि पाटकरी पाणी वाटून देई. वसईत असं वाटपाचं मंडळ नव्हतं. तिथं लगाम होता तो रहाटाचाच, आणि तेलाचे पंप आल्यावर तो सुटला.

पण तो अलीकडचा भाग. माणसं त्याच्या फार आधी आली.

आज नालासोपारा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लोकलची गर्दी. त्याच नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला प्राचीन शूर्पारक बंदर होतं, आणि घाटावरच्या पेठांचा माल या बाजूच्या बंदरांतून परदेशी जात असे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला 'बुरुड राजाचा कोट' नावाचा ढिगारा खणला. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी करंडा. त्यात बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या आणि एकात एक बसवलेल्या डब्या: तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जपलेले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात निघाला. महाराष्ट्रात अशोकाचे मोठे शिलालेख सोपाऱ्याच्या परिसराखेरीज दुसरीकडे सापडलेले नाहीत. शाळेच्या सहलींच्या यादीत सोपारा नसतो, हे आपल्याकडच्या इतिहासप्रेमाचं मोजमाप म्हणायला हरकत नाही.

पुढे बंदर गाळानं भरलं आणि महत्त्व दक्षिणेला, वसईच्या खाडीच्या मुखाकडे सरकलं. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहानं वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी इथं तटबंदीचं शहर उभारलं आणि दमणपासून खाली पसरलेल्या आपल्या 'उत्तर प्रांता'चं ते मुख्य ठाणं केलं. तटाच्या आत चर्च, मठ आणि उमरावांचे वाडे. बाहेर वाड्यांमध्ये शेतकरी, कोळी आणि भंडारी. बाहेरच्यांपैकी पुष्कळांनी या दोनशे वर्षांत ख्रिस्ती धर्म घेतला. काहींनी मनापासून घेतला, काहींवर सत्तेचा दाब होता, आणि जमिनीचं वतन टिकवायलाही काहींनी तो घेतला. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये रोमनं त्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तटाला सुरुंग, दोन्ही बाजूंची जबर हानी आणि शेवटी तह, हे सगळं शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेलं असतं. दोन गोष्टी मात्र पुस्तकात फारशा ठळक येत नाहीत. पहिली म्हणजे घंटा. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची १७२१ सालची घंटा त्यांतलीच मानतात, आणि 'नारोशंकराची घंटा' हे शब्द आपण मोठ्या आवाजाच्या माणसाला उद्देशून अजून वापरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तहानुसार पोर्तुगिजांना निघून जायला वाट मिळाली आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक. म्हणूनच आज वसईत एका भिंतीपलीकडे एकाच जातीची दोन घरं दिसतात, एकात गणपती आणि एकात क्रूस.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचा कासरा त्यांच्या हाती दिला. किल्ल्यात मग उसाची लागवड झाली. राजधानीचं गाव पुन्हा बागायतीचं गाव झालं, आणि पुढची दीडशे वर्षं तसंच राहिलं.

या बागायतीत कोण राहतं, हे एका दमात सांगता येत नाही. सामवेदी ब्राह्मण आणि त्यांच्यातूनच ख्रिस्ती झालेले, स्वतःला कुपारी म्हणवणारे सामवेदी ख्रिस्ती. वाडवळ, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. कोळी, तेही दोन्ही. शिवाय भंडारी, आगरी, पाणमाळी आणि पूर्वेकडे डोंगरालगत वारली. सामवेदींच्या बोलीला कादोडी असंही म्हणतात. वाडवळी आणि कोळ्यांची बोली वेगळी, पण सगळ्या मराठीच्याच लेकी. पुण्याच्या माणसाला नंदाखालच्या ओट्यावरचं बोलणं पहिल्या फटक्यात कळणार नाही, जसं साक्रीच्या चावडीवरचं अहिराणीही कळत नाही. कुपारी आजीचं लाल लुगडं अजून सणाला निघतं. आणि इथल्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते; शहरी मुंबईत मात्र ख्रिस्ती माणूस मराठी असू शकतो यावरही लोक डोळे मोठे करतात.

या वाड्यांतली एक चीज जवळून पाहण्यासारखी आहे. आगाशीच्या बाजूला राजेळी जातीची केळी पिकली की ती सोलून उन्हात वाळत घालतात, रात्री झाकून ठेवतात, सकाळी पुन्हा बाहेर काढतात. काही दिवसांत केळं आक्रसतं, तांबूस-तपकिरी आणि चिकट होतं. साखरेचा कणही न घालता ते मिठाईसारखं लागतं. मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधतात. ही सुकेळी. किनाऱ्यावर बोंबलाचंही असंच, उन्हावर चालणारं काम. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टांगायची. जोडी लावणारे हात बायकांचे असतात आणि भाव करणारं तोंडही त्यांचंच. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा आधी वाळवलेलं हेच उपयोगी पडतं, किनाऱ्यावर आणि घाटावरही.

मग आगगाडी. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग वसईच्या दोन्ही खाड्यांवर पूल बांधून १८६४ च्या सुमारास पुरा झाला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला जाणारी लोकल सुरू झाली. विजेची गाडी विरारला १९३६ मध्ये पोचली. तरीही दीर्घकाळ त्या गाडीतून वसईची फुलं, पानं, भाजी आणि दूध मुंबईला जात राहिलं. मुंबईची माणसं उलट्या दिशेनं आली ती १९८० नंतर. मुंबईतल्या गिरण्या बंद पडत होत्या, चाळीतली खोली विकून येणाऱ्या पैशात मिरा रोडच्या पलीकडेच घर मिळत होतं, आणि १९८८ ते १९९० या काळात सरकारनं वसईची जमीन बांधकामाला मोकळी करून सिडकोकडे नियोजन सोपवलं.

इमारती उठल्या, नळ आले नाहीत. बिल्डरांनी टँकर आणले आणि टँकर भरले ते पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवर. पंप रात्रंदिवस चालू लागले. वर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर पातळ झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. त्याला कोणी अडवू शकत नाही. विहिरी मचूळ होऊ लागल्या, पानमळे बसले. यातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नंदाखालचे हे धर्मगुरू 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. टँकरवाल्यांविरुद्ध आणि बिल्डरांविरुद्ध त्यांनी हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांना एका मोर्चात आणलं. तेव्हाच्या वसईत गुंडगिरी ऐन भरात होती, म्हणजे हे काम जिवावरचं होतं. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. पश्चिमेच्या पट्ट्यात आज जी हिरवाई उरली आहे, तिचं श्रेय या आंदोलनाला द्यावंच लागेल. पूर्वेला मात्र ते हरलं.

किती हरलं, ते खानेसुमारीत दिसतं. २००१ मध्ये नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८५ हजार, विरारची १ लाख १९ हजार, नवघर-माणिकपूरची १ लाख १७ हजार, आणि ज्या गावानं सगळ्यांना नाव दिलं त्या वसईची फक्त ४९ हजार. ३ जुलै २००९ रोजी या चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२ लाखांवर निघाली. हद्द वाढली हे खरं, पण गावं धरूनही वाढ प्रचंड आहे. महापालिकेत जायला पश्चिमेच्या गावांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: कर शहराचा भरायचा आणि वाडीवर आरक्षण पडायचं, हा सौदा आम्हाला नको. त्यांतली २९ गावं वगळायची की ठेवायची, हा खटला वर्षानुवर्षं चालला.

बाहेरून आलेल्यांना सगळा दोष देणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. नालासोपाऱ्यात खोली घेणारा माणूस कोकणातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेला असतो. पहाटेच्या लोकलच्या दारात लटकणाराही तोच, आणि जुलै २०१८ च्या पावसात पाण्यात अडकलेलाही तोच. त्या पुरात मिठागरांवरच्या कामगारांच्या वस्तीला पाण्यानं वेढलं आणि लोकल ठप्प झाल्या. पाणी निचरणाऱ्या सखल जमिनी आणि नाले भरावाखाली गेल्यावर आणखी काय व्हायचं?

शहराची तहान आता दूरवरून भागवली जाते. उसगाव आणि पेल्हारची धरणं पुरेनाशी झाल्यावर विक्रमगड-डहाणूकडच्या सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं. त्यातल्या नव्या प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायचं ठरलं, पैकी १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. हे धरण मुळात आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधलं होतं. त्यांची शेतं कोरडी ठेवून नळ वाहतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वसईच्या शेतकऱ्यानं टँकरविरुद्ध जे गाऱ्हाणं मांडलं, तेच आता विक्रमगडचा शेतकरी वसईविरुद्ध मांडतो.

इकडे वसईच्या पश्चिमेला, काही गावांत, तरुण मंडळी बुजत चाललेली बावखलं उन्हाळ्यात उपसून साफ करतात. त्यांच्याकडे ना मोठा निधी, ना पाटी. महापालिकेनं बावखलांची नोंद करून त्यांवर भराव घालायला सक्त मनाई केली, तर फरक पडू शकेल. तेवढं करायला नवं धरण लागत नाही. पाणी किती जणांना पुरवायचं, म्हणजे वसईत आज नेमकी किती माणसं राहतात, याचा सरकारी आकडा मात्र अजून २०११ चाच आहे. पुढची जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे.