हृदय थकते, तेव्हा स्मृतीही थकते

जबलपूरच्या विजय नगरातील एखादे सेवानिवृत्त आजोबा निवृत्तिवेतनासाठी शाखेत येतात. सही जुळत नाही, पासबुक घरीच राहिलेले असते. ‘वय झाले’ म्हणून आपण विषय सोडतो. परंतु त्यांना ‘हार्ट फेल्युअर’ असेल, तर कारण निराळे असू शकते.

या विकारात हृदय बंद पडत नाही. रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. साहजिकच रक्तपुरवठा घटला की लक्ष, स्मरण व नियोजन मंदावू शकते. अनियमित ठोके, सोडियमची घट व नैराश्य यांचीही भर पडते.

धोका असा की, विसराळू रुग्ण औषधच विसरतो आणि सूज, धाप वाढते. म्हणून घरच्यांनी गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावाव्यात व रोज सकाळी वजन नोंदवावे. ३ दिवसांत २ किलोंहून अधिक वाढ झाल्यास किंवा अचानक गोंधळ उडाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

सत्तरीपुढील ग्राहकांना हयातीचा दाखला घरूनच देता यावा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना केली आहे. शाखेत अवश्य विचारावे.