डिंडोलीच्या गच्चीवरची वीस वर्षं

लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम, डिंडोली ही सुरतेतली नावं खानदेशात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावात गेलात तर दर दोन-चार घरांमागे कुणी ना कुणी सुरतेला लूमवर, डाइंगमध्ये, टेम्पोवर नाहीतर साडीच्या दुकानात असतोच. ताप्ती व्हॅली रेल्वेने ही वाट विसावं शतक उजाडता उजाडताच मोकळी केली, पुढे यंत्रमागांनी ती वाहती ठेवली. माणसं शेत मागे ठेवून आली, पण शेताचं पंचांग सोबत घेऊन आली. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की हात शिवशिवतात. मिरग लागला की लूमच्या खडखडाटातूनही मान आभाळाकडे जाते. बारा बाय चाळीसच्या घरात या सगळ्याला जागा एकच उरते, ती म्हणजे गच्ची.

आमच्या गच्चीवर माती चढली ती २००६ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं, ७ तारखेला तापी शहरात शिरली आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. रांदेर-अडाजणकडे तर तळमजले छतापर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर रांदेरच्या नातेवाइकांचं घर उपसायला आम्ही सगळे गेलो. घरात चिखल, रस्त्यात चिखल, महापालिकेच्या गाड्या चिखल भरभरून नेतायत. येताना नानांनी त्यातलीच दोन पोती टेम्पोत टाकली. आई त्या मातीवर हात फिरवून म्हणाली, “आपला गावनी माती शे ही, वाहीसन उनी.” आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. नदी मुलताईला उगम पावते, भुसावळवरून, आमच्या शिवारावरून येते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपुढे समुद्राला मिळते. उकाईचं धरण १९७२ साली झालं तेव्हापासून वरचा बहुतेक गाळ त्या भिंतीमागेच बसतो, हे नानांना चांगलं ठाऊक होतं. पण ते काही बोलले नाहीत. पुरात गटारं मिसळलेली असल्याने ती माती थेट वापरण्यासारखी नव्हतीच. उन्हात पसरून, शेणखत मिसळून, पुढचा पावसाळा खाऊ दिल्यावर तिच्यात पहिली मेथी टाकली.

त्यानंतरच्या वीस वर्षांत या गच्चीवर काय पिकलं, यापेक्षा गच्ची कुणाची, हाच वाद जास्त रंगला.

चैत्र उजाडला की झाडांचा हक्क संपतो आणि वाळवणाचा सुरू होतो. पापड, कुरडया, वडे आणि खानदेशी घरात ज्याच्याशिवाय उन्हाळा झाला असं मानतच नाहीत ते बिबडे. ज्वारी भिजवून, भरडून, आंबवून घ्यायची, पहाटे चारला मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, मीठ. ऊन चढायच्या आत तो गरम गरम घाटा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने पसरत जायचं. वाळला की फडकं उलटं करायचं आणि मागून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे बिबडा अलगद सुटतो. यासाठी फडकं सुतीच हवं, आणि नेमकं तिथेच सुरत नडते. अख्ख्या देशाला साड्या पुरवणाऱ्या या शहरात जुनं सुती लुगडं शोधून मिळत नाही! पॉलिएस्टर पाणी पीतच नाही. त्यावर घातलेला बिबडा एकतर तुकडे होऊन निघतो, नाहीतर निघतच नाही. त्यामुळे आमच्याकडे गावाहून येणाऱ्या पिशवीत डाळ-दाण्याच्या बरोबरीने आजीची जुनी लुगडी यायची, आणि आई ती वर्षभर कुणाला हात लावू द्यायची नाही.

दुसरी अडचण हवेची. खानदेशातलं वैशाखाचं ऊन कोरडं, कुरडई दोन दिवसांत खडखडीत वाळते. इथे समुद्राचा वारा ओल घेऊन येतो. संध्याकाळी वाळलेली वाटणारी कुरडई सकाळी पुन्हा नरम. म्हणून वाळवण जास्त दिवस गच्चीवर राहतं, आणि तेवढे दिवस कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला खेटून, तापलेल्या प्लास्टरची झळ सोसत उभ्या. टोमॅटो, मिरची याच दिवसांत जातात. नाना कुरकुरायचे, आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. निकाल कायम वाळवणाच्या बाजूने लागला, आणि माझ्या मते बरोबर लागला. वाळवण घरातल्या सगळ्यांना वर्षभर पुरतं. वैशाखातला टोमॅटो मात्र पाणी पिऊन पिऊन शेवटी चार फळं देतो.

पिकांच्या बाबतीत पहिली काही वर्षं आम्ही सुरतेत खानदेश पिकवायचा हट्ट धरला. अंबाडी, पोकळा, शेपू, हे ठीक. गिलकं तर इथे गावापेक्षाही जोमाने येतं. त्याला ओल आवडते, आणि जळगावकडे सातशेच्या आसपास पडणारा पाऊस सुरतेत बाराशे मिलिमीटरच्या घरात जातो. पण जीव अडकला होता भरताच्या वांग्यात. पोपटी रंगाचं, पांढऱ्या रेघांचं, हातात न मावणारं, बिया कमी असलेलं ते वांगं. बामणोदकडचं वांगं म्हणजे काय, हे खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बी गावाहून आणलं, रोपं लूमवरच्या सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या कोनांत केली. हा कोन रोपासकट मातीत पुरला की पुठ्ठा कुजून जातो, मुळाला धक्का लागत नाही. सुरतेने बागवानाला दिलेली ही सगळ्यात स्वस्त सोय. रोपं छान उठली. मग शेंडे माना टाकू लागले. शेंडा उभा चिरला की आत गुलाबीसर अळी. पोखरलेला शेंडा दोन बोटं खालून खुडून जाळायचा, निंबोळी अर्क मारायचा, कामगंध सापळा टांगायचा, हे सगळं केल्यावर फळं धरली. दिसायला तशीच. पण भाजल्यावर पाणी सुटलं आणि गर चिकट झाला. शिवाय गावी भरीत भाजतात ते तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर आणि ठेचतात लाकडी बडगीत. इथे गॅसची शेगडी आणि स्टीलचं पातेलं. गावाकडून आलेल्या जिभाऊंनी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आठलं पाणी येगळं शे.” आमच्या भागात बोअरचं पाणी खारट आहे हे खरंच. ड्रमच्या कडेला पांढरा थर धरतो, पानांची टोकं करपतात. बोअरचं पाणी बंद करून नळाचं द्यायला लागल्यावर बाकीची झाडं सुधारली. वांग्याला मात्र चव आली नाही ती नाहीच.

सुरतेने आपलं म्हणून जे दिलं ते शेजारच्या बांकडून आलं. टाकीच्या ओव्हरफ्लोखाली आमचा अळू माजला होता, त्याची पानं त्या पात्र्यासाठी न्यायच्या. एका दिवाळीत त्यांनी बदल्यात मूठभर पापडीचं बी आणून दिलं, कतारगामच्या पापडीचं. ज्या कतारगामच्या मळ्यांतली पापडी उंधियुसाठी नावाजलेली, तिथे आता हिऱ्यांचे कारखाने आणि इमारती आहेत. बी तेवढं अशा डब्यांतून टिकून आहे. ही वेल पावसाळाभर नुसती पानं काढते. आई वैतागून उपटायला निघाली होती, बांनी हात धरला. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय या पापडीला फूल येत नाही. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, शेंग धरायची ती थंडीतच. त्या वर्षी डिसेंबरात वेल अशी लगडली, की गल्लीत वाटून संपेना. सोबत कुंड्यांत ओला लसूण आणि एका पोत्यात रताळू. तेव्हापासून आमच्याकडे उंधियु घरच्या भाजीचा होतो, आणि आई त्यात गुपचूप काळा मसाला घालते. बा तेही गोड मानून घेतात.

आणि ऐन बहरात उत्तरायण! १४ जानेवारीला सुरतेतला माणूस जमिनीवर राहत नाही. आमच्या एवढ्याशा गच्चीवर वीस-पंचवीस जण, फिरक्या, स्पीकर, तीळ-चिक्की, उंधियु-जिलेबी. पतंग काटला की पोरं मागे बघत नाहीत, पाय थेट मेथीच्या वाफ्यात. पण पायांपेक्षा मांजा वाईट. काच चढवलेला सुरती मांजा वेलीत अडकला आणि कुणी तो पलीकडून ओढला, की पापडीचे शेंडे ब्लेडने कापावेत तसे खाली येतात. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे उरलंसुरलं त्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेऊन बसायचं आणि झाडांतून, टाकीच्या पाइपातून, तारेवरून मांजा कापून काढायचा. तो तसाच सोडला तर कबुतरं, बगळे त्यात अडकतात. आम्ही वेल गच्चीवरून काढून मागच्या भिंतीवर उतरवली. पोरांना उत्तरायण सोडायला सांगणं हा मूर्खपणा आहे. सुरतेत तर गुन्हाच.

अपयशाच्या या यादीत एक यश आईने एकटीने मिळवलं, ते गंगाफळाचं. कानबाईच्या रोटांसोबत गंगाफळाची भाजी लागतेच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि आखाजीपासून तोवर तीन महिन्यांहून थोडे जास्त दिवस मिळतात. गंगाफळाला पुरतात तेवढेच. आईने आखाजीला बी टोचलं, वाळवणाच्या गर्दीतही तो एक ड्रम हलू दिला नाही. वेल शेजारच्या पत्र्यावर गेली. फुलं आली, पण फळ धरेना, कारण आसपास मधमाश्या नाहीत. तेव्हा ती सकाळी सातच्या आत वर जायची, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायची आणि मधला दांडा मादी फुलाला हलकेच फिरवायची. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी इवलंसं फळ असतं. दुपारी हेच करून उपयोग नाही, फूल मिटतं. त्या वर्षी कानबाईच्या नैवेद्याला गच्चीवरचं गंगाफळ चढलं. सोमवारी कानबाई तापीवर विसर्जनाला निघाली तेव्हा मिरवणुकीत नाचण्यापेक्षा ही बातमी सांगण्यातच आईचा वेळ गेला.

गावाकडचं शेत या काळात निमबटाईने दिलेलं होतं. पेरणीला आणि कापूस वेचणीला आमच्यातलं कुणीतरी सुरत-भुसावळ पॅसेंजरने जायचं, कारण वेचणीला मजूर मिळत नाहीत ही रड जुनीच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली, त्यात आमचीही गेली. नाना आठवडाभर गावी राहून किडकी बोंडं फोडून बघून आले आणि परतल्यावर गच्चीवरच्या भेंडीवर केवडा दिसला तरी रागावले नाहीत. झाड उपटून पिशवीत बांधून फेकलं, झालं. गच्चीवरच्या रोगाला कर्ज नसतं.

२०२० च्या टाळेबंदीत लूम थांबले आणि निम्मी गल्ली मिळेल त्या वाहनाने गावाला गेली. आम्ही राहिलो. त्या उन्हाळ्यात आसपासच्या गच्च्यांवर एकाएकी ड्रम दिसू लागले, आणि त्यातले बरेच डाइंगच्या रसायनांचे, भंगारातून आणलेले. पाणी दिलं की खालून निळसर ओघळ. हे मात्र करू नये. धुतल्याने जात नाही. अशा ड्रमात फुलझाडही लावू नका, कारण ती माती पुढेमागे कुणीतरी मेथीला वापरतोच. खाण्याच्या तेलाचे डबे, मिठाची पोती, रसवंतीवरचं उसाचं चिपाड, या गोष्टी फुकटात किंवा फार कमी पैशांत मिळतात. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने कितीतरी वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की पालापाचोळा आणि चिपाड नीट कुजवलं तर माती अगदी थोडी पुरते. स्लॅबवरचा भारही कमी होतो. भार म्हणाल तर जड ड्रम गच्चीच्या मधोमध कधीच नको, भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर, खाली विटा देऊन ठेवावा. विटांमुळे पाणी वाहून जातं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल धरत नाही. आमच्या छताचा रंग याची साक्ष देईल, पण पाहुणे आले की आई तिथला बल्ब लावत नाही.

नाना आता गुडघ्यांमुळे वर चढत नाहीत, खालून सूचना देतात. वाद तोच आहे, फक्त आता वाळवणाच्या बाजूने माझी बायको बोलते.

सुरतेत गच्चीवर नव्याने काही लावणाऱ्यांनी पहिलं वर्ष गिलकं, अळू, ओला लसूण आणि पापडी एवढ्यावरच काढावं. गिलक्याचं आणि पापडीचं बी आमच्याकडे दरवर्षी उरतं, कागदाची पुडी घेऊन यावं. भरताच्या वांग्याचं बी मात्र मागू नये. ते वांगं जळगावहून मागवा, भुसावळची गाडी रोज येते.