‘इंग्रजी जास्त’ म्हणून ऑस्करमधून बाद! कोण आहे जेनेव्हीव नाजी?

नोव्हेंबर 2019. नायजेरियाने ऑस्करसाठी पहिल्यांदाच पाठवलेला सिनेमा ‘लायनहार्ट’ स्पर्धेतून बाद झाला. कारण? त्यात इंग्रजी जास्त होतं. दिग्दर्शिका आणि नायिका एकच: जेनेव्हीव नाजी.

1979 मध्ये जन्मलेली नाजी लागोसमध्ये वाढली आणि आठव्या वर्षीच टीव्ही मालिकेत झळकली. 1998 च्या ‘मोस्ट वाँटेड’पासून ती नॉलिवूडमध्ये, म्हणजे नायजेरियाच्या फिल्म इंडस्ट्रीत आली आणि तिथली मोठी स्टार झाली. ‘लायनहार्ट’ हे तिचं दिग्दर्शनातलं पदार्पण. आजारी वडिलांची बस कंपनी वाचवणाऱ्या मुलीची ही गोष्ट. जगभरातले हक्क नेटफ्लिक्सने घेतले.

दीड तासाच्या या सिनेमात इग्बो भाषेतले संवाद जेमतेम 11 मिनिटांचे. गंमत म्हणजे, ऑस्करच्या या गटाचं नाव त्याच वर्षी ‘परभाषिक’ऐवजी ‘आंतरराष्ट्रीय’ झालं होतं. नियम मात्र जुनाच: निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत नकोत.

पण शेकडो भाषांच्या नायजेरियाची अधिकृत भाषाच इंग्रजी आहे. तिथल्या ऑफिसात माणसं अशीच बोलतात! आमच्यावर कोणी राज्य करावं हे आम्ही निवडलं नव्हतं, असं नाजीने ट्विटरवर सुनावलं.

पुढच्या वर्षी नायजेरियाने ‘द मिल्कमेड’ पाठवला. त्याची मुख्य भाषा हौसा होती.