उन्हाळी जागल: बांधावरचे पाणी, रानातली जनावरे आणि चावणारे किडे

एप्रिल लागला की यवतमाळ जिल्ह्यातले बहुतेक नाले कोरडे पडतात आणि हिरवे म्हणून उरते ते ओलिताचे शेत. कुठे उन्हाळी भुईमूग, कुठे तीळ-मूग, कुठे भाजीपाला, तर पुसद-उमरखेड पट्ट्यात ऊस आणि केळी. भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरांच्या धाडी सुरू होतात आणि घरटी एकाला तरी रात्री जागलीला जावे लागते. जागलकऱ्याला या दोन महिन्यांत जेवढे वन्यप्राणी दिसतात तेवढे एरवी वर्षभरात दिसत नाहीत. डास, गोचीड, चिलटे आणि माश्या यांचा सर्वात जास्त त्रासही त्यालाच होतो. या दोन्हींचे मूळ एकच आहे: आटलेल्या शिवारात तुमच्याकडे पाणी आणि ओल शिल्लक आहे.

म्हणून प्राणी पाहायचे असोत की किडे टाळायचे असोत, सुरुवात आपल्या शेतातल्या पाण्यापासून करावी. एक दिवस सकाळी फिरून मोजून पाहा. विहिरीजवळचा हौद, शेततळे, ठिबकची गळकी जोडणी, गोठ्यातली डोण, फवारणीचा उघडा ड्रम, घरचा कूलर, कोपऱ्यात पडलेला टायर. यापैकी कोणत्या पाण्यावर रोही येते आणि कोणत्या पाण्यात डासाच्या अळ्या वळवळतात हे समजले की निम्मे काम झाले.

पहाटेचा माग

जनावर प्रत्यक्ष दिसण्याआधी त्याचा माग दिसतो. शेततळ्याच्या किंवा पाटाच्या ओल्या कडेला सकाळी ऊन चढण्याआधी जावे, कारण नऊनंतर चिखल सुकून ठसे पुसट होतात. रानडुकराच्या खुराचा ठसा आखूड व रुंद असतो, आणि मऊ मातीत त्यामागे दोन लहान खुणाही उमटतात. शिवाय ते नांगरल्यासारखी माती उकरून ठेवते. रोहीचा खूर मोठा व निमुळता असतो. रोही पुन्हापुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, त्यामुळे असा ढीग सापडला की ती नेहमी कोणत्या वाटेने येते ते कळते. चितळाचा ठसा लहान आणि टोकदार असतो.

पंजाच्या ठशात नखांच्या खुणा असतील तर तो कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा समजावा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट व वाघ यांच्या ठशात नखे दिसत नाहीत. बिबट्याचा ठसा साधारण सात-आठ सें.मी. रुंद असतो, तर मोठ्या वाघाचा बारा सें.मी.च्या पुढे जातो. असा ठसा दिसला तर त्यावर घमेले उपडे घालून ठेवावे आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ठशाचे फोटो गावभर फिरवण्यापेक्षा हे काम आधी करावे.

‘आमच्या शिवारात वाघ कसा येईल?’ हा प्रश्न आता कोणी विचारू नये. सुमारे १४८ चौ. कि.मी.च्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतशिवारांतून, रस्ते ओलांडत, सुमारे १३०० कि.मी. फिरून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून ही वाटचाल कळली. कॉलर नसलेले किती फिरतात ते आपल्याला दिसत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २ नोव्हेंबर २०१८ रोजी टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीला गोळी घालण्यात आली, तोपर्यंत १३ माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते.

कोठे बसावे, कधी बसू नये

प्राणी पाहायला सर्वात चांगली वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास. पाण्यापासून निदान पन्नास पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावे. चिमूटभर माती हवेत सोडली की वाऱ्याची दिशा कळते. जागल करायचीच असेल तर जमिनीवर न झोपता उंच, भक्कम मचाणावर दोघांनी मिळून करावी. बॅटरी व काठी सोबत असावी आणि येता-जाता मोठ्याने बोलावे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवरून प्राण्यांची नोंद घेत आला आहे. हौस असेल तर त्याची चौकशी करून रीतसर सहभागी व्हावे. एकट्याने नाल्यात उतरून बसणे म्हणजे प्राणी पाहणे नव्हे.

मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांनी जास्त जपावे. वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारा माणूस वाघ-बिबट्याला चौपायी सावजासारखा भासू शकतो. मोहाच्या झाडाखाली अस्वलही येते. पूर्ण उजाडल्यावर, गटाने जावे, एकाने उभे राहून लक्ष ठेवावे आणि मुलांना झुडपांच्या कडेला पाठवू नये.

उन्हाळ्यात प्राण्यांसाठी पाणी ठेवावे की नाही, हा प्रश्न बरेच शेतकरी विचारतात. पक्ष्यांसाठी पसरट भांडे झाडाच्या सावलीत जरूर ठेवावे, मात्र पाणी रोज बदलावे. मोठ्या जनावरांसाठी घराजवळ किंवा गोठ्याजवळ पाणवठा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाण्यावर आधी डुक्कर आणि चितळ येतात, आणि त्यांच्या मागे बिबट येतो. तिथून तुमचा गोऱ्हा दूर नसतो. जंगलातले कृत्रिम पाणवठे भरणे हे वनविभागाचे काम आहे. ते कोरडे दिसले तर ग्रामसभेत विषय काढावा. तारेत चोरून वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण रात्री त्या तारेला तुमच्याच शेजाऱ्याचा हात लागू शकतो.

गोचीड: जनावरावर थोडी, गोठ्यात जास्त

गोचीड जनावराच्या अंगावर दिसते, पण तिचा बराचसा काळ गोठ्याच्या भेगांत, दगडी भिंतीत आणि बांधावरच्या गवतात जातो. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते आणि भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून फक्त जनावराला औषध लावले की पंधरा दिवसांत पुन्हा तेवढ्याच गोचिडी दिसतात, आणि शेतकरी म्हणतो औषध नकली होते. औषध बरेचदा ठीक असते, गोठा तसाच राहिलेला असतो.

भेगा बुजवून चुन्याची सफेदी करावी, गव्हाणीखालचा काडीकचरा काढावा आणि जनावर व गोठा यांवर एकाच दिवशी उपचार करावा. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा उपचार लागतो. गोठ्यातल्या देशी कोंबड्याही गोचिडी वेचून खातात, मात्र औषध मारलेल्या गोठ्यात त्यांना लगेच सोडू नये. अमिट्राझ १२.५ टक्के हे औषध साधारणपणे २ मि.लि. प्रति लिटर पाण्यात वापरतात. तरीही बाटलीवरची सूचना वाचावी व पशुवैद्यकांना विचारावे. औषध सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावावे. जनावराला आधी पोटभर पाणी पाजावे, अंग वाळेपर्यंत मुसके बांधावे आणि जखमेवर औषध जाऊ देऊ नये. घोड्याला अमिट्राझ चालत नाही. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुधाळ जनावराला स्वतःहून देऊ नये, कारण ते दुधात उतरते.

संकरित गाईला उन्हाळ्यात अचानक १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली आणि डोळ्याची आतली त्वचा फिकी पडली, तर गोचिडीमुळे होणाऱ्या थायलेरियोसिसची शंका घ्यावी. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिओसिसची. दोन्ही आजारांवर वेळेत उपचार मिळाले तर जनावर वाचू शकते. वाट पाहण्यात दोन दिवस गेले तर कठीण होते. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ क्रमांक यासाठीच आहे.

बांधावरच्या गवतातून किंवा डुकरांच्या वाटेवरून आल्यावर स्वतःचे अंगही तपासावे. काख, जांघ, कमरेची नाडी आणि कानामागची जागा पाहावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतणे किंवा विडीचा चटका देणे टाळावे, आणि ती बोटांनी चिरडू नये. साबणाच्या पाण्यात टाकावी, जागा धुवावी, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

कपाशीचे औषध गोठ्यात नको

हा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. घरात उरलेले प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस किंवा तत्सम कीटकनाशक ‘थोडेसेच’ पाण्यात टाकून बैलाच्या अंगाला चोळणे, बाजेच्या ढेकणांवर शिंपडणे, कुत्र्याच्या गोचिडीवर लावणे हे अजूनही गावोगावी चालते. २०१७ च्या फवारणी हंगामात याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. ती औषधे कपाशीसाठीच होती, आणि ती माणसाच्या कातडीतून व श्वासातून शरीरात गेली. झोपायच्या बाजेवर आणि दूध देणाऱ्या गाईवर ती अधिक सुरक्षित कशी होतील?

अशा विषबाधेत लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, घाम सुटतो, अंग थरथरते. जनावराचेही तसेच होते. लगेच साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. माणसासाठी १०८ वर फोन करावा. कपाशी किंवा तणनाशक फवारलेला पंप गोठ्यासाठी वापरू नये, कितीही धुतला तरी. गोठ्याचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर रंगाने खूण करावी.

डास आणि कूलर

विदर्भात उन्हाळ्यातला डास बरेचदा घरातच तयार होतो, कूलरच्या टाकीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. ड्रम झाकावेत, टायर पावसाआधी विल्हेवाटीला द्यावेत. पक्क्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. नाल्यात व नैसर्गिक तळ्यात मात्र ते सोडू नयेत, तिथल्या देशी माशांना व बेडकांना त्यांचा उपद्रव होतो.

अंगणात बाज टाकून झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. मातीच्या भिंतीच्या भेगांत वाळूमाशीही राहते. ती डासाहून लहान असते आणि उड्या मारत उडते. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडलेला विषाणू तीच पसरवते. पावसाळ्याच्या तोंडावर लहान मुलाला ताप येऊन झटके आले तर एक तासही घरी घालवू नये. भेगा लिंपणे आणि शेणाचा उकिरडा घरापासून दूर नेणे हे काम मे महिन्यातच उरकावे.

जनावरे सारखी पाय आपटत असतील तर पायांना चावणारी गोठ्यातली माशी शोधावी. उन्हाळ्यात शेण लवकर सुकते, त्यामुळे ही माशी बहुधा डोणीखालच्या ओल्या काडीकचऱ्यात वाढते. डोणीची गळती बंद केली की फवारणीची गरजच बरीच कमी होते.

फुकटचे मदतनीस

जनावरांच्या मागे चालणारा गायबगळा, तारेवरचा कोतवाल, वेडा राघू आणि संध्याकाळची वटवाघळे हे सगळे किडे खाऊनच जगतात. बांधावरची जुनी बाभूळ व कडुनिंब म्हणूनही ठेवावेत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. नांगरताना ती डोक्यावर ओरडत फिरली तर तेवढी जागा सोडून तास काढावा. मेच्या शेवटी पावशाचे ओरडणे वाढते आणि त्याच सुमारास चातक दिसू लागतो.

मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली धूर, पालापाचोळा जाळणे आणि ट्रॅक्टरची गर्दी टाळावी. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड कापडाने झाकून सरळ पळावे आणि घरात किंवा गाडीत शिरावे. विहिरीत उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. रुतलेला काटा नखाने खरवडून काढावा. बरेच डंख झाले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखान्यात न्यावे.

वन्यप्राण्याने जनावर मारले तर मृत जनावर हलवू नये आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे. पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. सात-बारा, आधार व बँक पासबुकाच्या प्रती मे महिन्यात एका पिशवीत घालून तयार ठेवाव्यात.