मेट्रो आली, पण कोंढव्याचे काय?

गेल्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीला गेलो. अम्मींनी सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना बिस्मिल्लाह म्हटले आणि धाकटीचा हात घट्ट धरला. मंडई गेली, कसबा पेठ गेली, गाडी मुठा नदीच्या खालून कधी पुढे सरकली ते कळलेही नाही. अम्मी म्हणाल्या, "तुमच्या अब्बांनी या मेट्रोची बातमी मला वाचून दाखवली होती. तेव्हा ही पोरगी पाळण्यातही नव्हती."

धाकटी आता नववीत आहे. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली.

घरी आल्यावर धाकटीने विचारले, "इतका उशीर का झाला?" वर्गात मुलांनी विचारलेला प्रश्न आम्ही टाळत नाही, मग घरात कसा टाळणार? म्हणून जुन्या बातम्या काढून बसलो.

पुण्याच्या मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने 2009 मध्ये तयार केला. असा अहवाल म्हणजे केवळ नकाशा नव्हे. मार्ग कोणता, स्थानके किती, प्रवासी किती, खर्च किती, पैसा कुठून येणार, हे सगळे त्यात असते. मग त्याची फेरी सुरू होते. आधी महापालिकेची मुख्य सभा, मग राज्य मंत्रिमंडळ, मग केंद्राचे नगरविकास खाते, मग खर्चाचा हिशेब तपासणारे सार्वजनिक गुंतवणूक मंडळ आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ. गाडी रुळावर उभी राहिली तरी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी दाखला दिल्याशिवाय त्यात प्रवासी बसत नाही.

ही फेरी पूर्ण व्हायला पुण्याला सात वर्षे लागली. मेट्रो खांबांवरून न्यायची की जमिनीखालून, यावर शहर दोन गटांत वाटले गेले. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. मधल्या काळात नागपूरच्या मेट्रोला ऑगस्ट 2014 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि आपला अहवाल आधीचा असूनही आपण मागे राहिलो, ही सल पुणेकरांच्या मनात बसली. वाद मिटवण्यासाठी 2015 मध्ये त्या वेळचे पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अखेर डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन मार्गांना मंजुरी दिली. खर्च धरला होता सुमारे 11,420 कोटी रुपये. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले.

पहिली गाडी धावली 6 मार्च 2022 रोजी, तीही वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांत. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. अहवालापासून तोवर पंधरा वर्षे झाली होती.

आता सगळाच उशीर वाईट होता का? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला मोठी जागा आहे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारून काम करायचे तर वेळ लागतोच. डेक्कन भागातला मार्ग गजबजलेल्या जंगली महाराज रस्त्यावरून काढून नदीकडेने नेण्याचे ठरले, तेव्हा मुठेच्या पात्रातल्या सुमारे 1.7 किलोमीटर खांबांवर पर्यावरणाची काळजी असणारे नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. जानेवारी 2017 मध्ये त्या तुकड्याला स्थगिती मिळाली. पुढे तज्ज्ञांची तपासणी आणि अटी येऊन काम सुरू झाले. पूर येणाऱ्या नदीत खांब उभारण्यापूर्वी कुणीतरी प्रश्न विचारला, हे शहराच्या भल्याचेच झाले.

दुसरे उदाहरण नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसचे. सुलतान मुहम्मद शाह आगाखान तिसरे यांनी ही वास्तू 1892 मध्ये बांधली. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात. पुढे इथेच गांधीजींना नजरकैदेत ठेवले होते आणि कस्तुरबांनी इथेच अखेरचा श्वास घेतला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे मेट्रोचा मार्ग कल्याणीनगरकडून वळवावा लागला. कायदा आधीपासून होता आणि वास्तूही तिथेच होती. मग पहिल्या आराखड्यातच हे का पाहिले नाही? मशवऱ्याला लागलेला वेळ सोसता येतो, आधी न पाहिल्यामुळे गेलेला वेळ सोसवत नाही.

कारण या वेळेची किंमत असते. मेट्रोच्या खर्चात केंद्र, राज्य आणि महापालिकांचा वाटा आहे, आणि मोठा भाग कर्जाचा आहे. तो पैसा कररूपाने तुमच्या-आमच्या खिशातून जातो. ती अमानत आहे. काम रेंगाळले की लोखंड, सिमेंट, मजुरी सगळेच महागते. आणि जी वर्षे जातात त्यांचा हिशेब तर कुणीच मांडत नाही.

आमच्या शाळेतली एक मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. शिवाजीनगरच्या एका महाविद्यालयात तिला प्रवेशही मिळाला. कोंढव्याहून दोन बस बदलून जायचे, संध्याकाळी परतायला अंधार पडायचा. वालिद रिक्षा चालवतात, ते तरी रोज किती फेऱ्या सोडणार? सहा महिन्यांनी तिने जाणे बंद केले. घरातून कुणाचा विरोध नव्हता. अडले ते रस्त्यावर.

म्हणून आम्ही नकाशा उघडून पाहिला. स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. 2025 मध्ये चांदणी चौक आणि वाघोलीकडच्या विस्ताराला, त्यानंतर खराडी, हडपसर, स्वारगेट, खडकवासला या मार्गालाही हिरवा कंदील मिळाला. चांगलेच झाले. पण या मंजूर मार्गांत कोंढवा नाही. लाखांच्या घरात वस्ती असलेला आपला भाग कात्रजच्या आणि हडपसरच्या मार्गांच्या मधोमध राहून गेला.

इथे दोष केवळ सरकारला द्यावा का? आम्ही आमच्याच मोहल्ल्यात विचारून पाहिले. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्याची मुदत असते, हे दहापैकी एकदोघांनाच ठाऊक होते. कात्रजच्या मार्गावर बालाजीनगरला स्थानक हवे ही मागणी तिथल्या रहिवाशांनी लावून धरली आणि ते स्थानक आराखड्यात आले. आम्ही मात्र चहाच्या टपरीवर तक्रार करतो आणि नमाजनंतर दुआ मागतो. दुआ हवीच, पण अर्जही हवा.

मागच्या वर्षी आम्ही काही शिक्षकांनी मिळून एक अर्ज केला. कोंढव्यातून स्वारगेटच्या स्थानकाला जोडणाऱ्या बस वाढवा, कॉलेजच्या वेळेला थेट गाडी द्या, एवढेच मागणे होते. तीन महिन्यांनी उत्तर आले, "विषय विचाराधीन आहे." आम्ही आता माहिती अधिकारात विचारले आहे, विचार कुठवर आला?

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. मस्जिदच्या कमिटीने जुम्याच्या दिवशी सूचनाफलकावर पालिकेची नोटीस लावावी. शाळेच्या पालकसभेत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. भगिनींच्या बचतगटांनी सह्या गोळा कराव्यात, कारण बसची वाट सर्वांत जास्त त्याच पाहतात. शेजारच्या सोसायट्यांतल्या हिंदू, ख्रिस्ती बांधवांनाही सोबत घ्यावे. रस्त्यावरची कोंडी कुणाचा मजहब पाहून अडवत नाही.

मेट्रो कोंढव्यात यायची तेव्हा येईल. तिच्या अहवालाला, सभांना, मंजुऱ्यांना वर्षे लागतील, हे आता आम्ही शिकलो आहोत. म्हणूनच सुरुवात आज करायला हवी. बस तर उद्याही वाढू शकते.

त्या मुलीने आता बारावीचा अर्ज बाहेरून भरला आहे. धाकटी तिच्याकडे गणित शिकायला जाते. परवा तिने धाकटीला विचारले म्हणे, "तू दहावी होशील तोपर्यंत थेट बस सुरू होईल का ग?" धाकटीने तोच प्रश्न आम्हाला येऊन विचारला. इन्शाअल्लाह म्हणालो, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर पाहिले.